‘पिक अप’ म्हणजे नक्की काय काय? एका चुकीच्या उत्तरामुळे माल अडकलाय

डिस्पॅचवाला, अक्कलकोट रोड

नमस्कार. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात डिस्पॅचला आहे. बी.कॉम. झालंय, शिक्षण सगळं मराठीतून. परदेशी गिऱ्हाइकांचे मेल आधी जे बघायचे ते नोकरी सोडून गेले, त्यामुळे आठ महिन्यांपासून ते काम माझ्याकडे आलंय. पेट्या, पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस यात मी कुठे अडत नाही. अडतो तो साध्या दिसणाऱ्या इंग्रजीत.

इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाचा नेव्ही ब्लू बाथ टॉवेलचा माल तयार होता. तपासायला त्यांचा माणूस आला. दिवसभर पेट्या उघडून बघितल्या, फोटो काढले, आणि रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेला. दोन दिवसांनी मेल आला: ‘अवर इन्स्पेक्टर पिक्ड अप सम शेड व्हेरिएशन इन द नेव्ही लॉट.’

मला पिक अपचा एकच अर्थ माहीत होता, उचलणं. वाटलं, जाताना त्यानं वेगवेगळ्या शेडचे काही नग सोबत नेलेत आणि ते कळवतायत. असे नमुने लोक नेतातच. म्हणून मी लगेच लिहिलं, ‘नो प्रॉब्लेम, ही कॅन कीप देम.’

त्यांचं उत्तर दोनच ओळींचं आलं, आणि ते थेट मालकांना. त्यांना वाटलं, शेडचा फरक आम्ही मान्य करतोय आणि वर म्हणतोय, तसाच ठेवून घ्या. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, ‘हे तू लिहिलंयस?’ मी हो म्हणालो. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. माल गोडाऊनमध्ये तसाच पडून आहे.

त्या रात्री मी जुने मेल काढून हाच शब्द शोधला. जवळपास प्रत्येक महिन्यात सापडला, आणि दर वेळी उचलण्याशी काही जुळेना. ‘सेल्स शुड पिक अप बाय ऑक्टोबर.’ ‘वी विल पिक अप द एअर फ्रेट.’ ‘लेट्स पिक धिस अप आफ्टर ईस्टर.’ ‘द फॉरवर्डर विल पिक देम अप ऑन थर्सडे.’ लॅबच्या कागदावर ‘पिकअप ७२ टक्के’. आणि लूमशेडमध्ये तर दिवसभर पिक, पिक चालूच असतं.

या एका शब्दाचे असे किती अर्थ आहेत? आणि कुठला कुठे घ्यायचा, हे ओळखायचं कसं? मला खरंच शिकायचंय. परत अशी चूक करायची नाही.

जुळे सोलापूर

भावा, डिक्शनरीत बघ. पंधरा-वीस अर्थ सहज निघतील. एका कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेव आणि रोज वाच. मी बँकेच्या परीक्षेच्या वेळी असंच केलं होतं. फ्रेझल व्हर्ब, म्हणजे पिक अपसारखी जोडक्रियापदं, पाठ केल्याशिवाय येत नाहीत.

दाजी पेठेतली काकू

पाठ करू नकोस. पाठ केलेले अर्थ ऐन वेळी आठवत नाहीत, आणि आठवला तर नेमका चुकीचा आठवतो. माझ्या मुलाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

मी १९८६ साली चादरी-टॉवेलच्या निर्यातीच्या कामाला लागले. टाइपरायटर, टेलेक्स, फॅक्स आणि शेवटी मेल, असं करत २०१० साली काम सोडलं. तुझ्यासारख्याच चुका मीही केल्यात आणि रडलेही आहे. म्हणून जरा लांबण लागली तरी नीट सांगते.

आधी तुझं वाक्य. तिथे पिक्ड अप म्हणजे ‘पकडलं’. आपणही म्हणतोच की, ‘चेकिंगला शेडचा फरक पकडला.’ समोर जे आहे ते हातात धरता येतं का, हे आधी बघ. शेडचा फरक ही काही पेटीत घालून न्यायची वस्तू नाही. तो फक्त नजरेला धरता येतो. फॉल्ट, मिस्टेक, डिफरन्स, स्मेल असलं काही पुढे आलं की पिक अप म्हणजे लक्षात येणं, पकडणं. इंग्लंडची माणसं तक्रार करतानाही आवाज चढवत नाहीत. ते वाक्य तुला बातमीसारखं वाटलं, पण ती तक्रार होती.

आता मुद्द्याचं. आमचं घर तेलुगू. वडील मागावर, आई कांड्या भरायची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कन्नड. मराठी मला कुणी बसवून शिकवली नाही, मी ती उचलली. हे ‘उचलली’ म्हणजेच पिक अप. मला ज्या दिवशी हे लक्षात आलं त्या दिवसापासून हा शब्द मला परका वाटला नाही. आपलं ‘उचलणं’ काय थोडं गुणाचं आहे? फोन उचलतो. व्यापारी माल उचलतो, तुझा फॉरवर्डर म्हणजे माल पोचवणारा एजंटही. पोरगं गल्लीतून शिव्या उचलतं. गाण्याची चाल उचलतो. पोलीस संशयिताला उचलतात. यातल्या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत पिक अप बिनधास्त चालतं. म्हणजे निम्मा शब्द तुला लहानपणापासून येतोच आहे.

निम्मा म्हणते, कारण उरलेल्या निम्म्यात खड्डे आहेत. सगळ्यात मोठा खड्डा पैशाचा. आपल्याकडे पेपरात रोज येतं, ठेकेदारानं काम न करताच बिल उचललं. म्हणजे पैसे घेतले. मागावरचा कामगार मालकाकडून उचल घेतो, म्हणजे आगाऊ पैसे घेतो. पगार उचलला म्हणजेही पैसे हातात आले. इंग्रजीत बरोबर उलटं. ‘पिक अप द बिल’ म्हणजे बिल स्वतः भरणं. तुझ्या मेलमधलं ‘वी विल पिक अप द एअर फ्रेट’ म्हणजे विमानाचं भाडं आम्ही सोसू. हॉटेलात जेवण झाल्यावर ज्यानं बिलाचा कागद उचलला त्यानं पैसे द्यायचे, असं चित्र डोळ्यासमोर ठेव, विसरणार नाहीस. हे मी पोटतिडकीनं सांगते, कारण एकदा माझ्या हातून याच वाक्याचा उलटा अर्थ हिशेबाच्या टेबलावर गेला होता. भाडं आपल्याला लागणार असं धरून आम्ही भाव वाढवून कळवला आणि ती ऑर्डर गेली. रक्कम अजून आठवते, पण लिहित नाही.

दुसरा प्रकार, ज्याच्या पुढे काहीच नसतं तो. ‘सेल्स शुड पिक अप.’ काय उचलायचं? काहीच नाही. विक्री स्वतःच उठते. बाजारात आपण म्हणतो ना, मालाला उठाव नाही, दिवाळीनंतर उठाव येईल. तोच हा उठाव. धंदा पिक अप होतो, वारा पिक अप होतो, तब्येत पिक अप होते, सगळीकडे मंद होतं ते वाढलं किंवा सुधारलं. एक सांभाळून राहा. मराठीत दुखणं उचल खातं म्हणजे ते परत वाढतं. इंग्रजीत माणूस किंवा त्याची तब्येत पिक अप झाली तर तो बरा होतोय. आणि ‘ही पिक्ड अप अ कोल्ड’ म्हटलं, म्हणजे पुढे आजाराचं नाव आलं, की त्याला सर्दी झाली, कुठून तरी लागली. पुढे काय आहे, आहे की नाही, एवढं बघितलंस की पुष्कळसं उलगडतं.

‘पिक अप स्पीड’मध्ये पुढे स्पीड आहे, म्हणून गाडी वेग घेते. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस बाळे स्टेशन मागे टाकून घेते तशी.

‘लेट्स पिक धिस अप आफ्टर ईस्टर’ याला मराठीत तयार वाक्प्रचार आहे, मागील पानावरून पुढे. विषय तात्पुरता ठेवून दिलाय, ईस्टरनंतर तिथूनच हाती घेऊ. याचा अर्थ नकार नाही. मी सुरुवातीला असल्या मेलवर फाइल बंद करायची आणि महिन्याभरानं ओशाळं व्हायची. आता तुझा ईस्टर झाला असेल तर तूच मेल टाक, वाट बघत बसू नकोस.

उरलेलं भराभर सांगते. रेडिओ स्टेशन पिक अप करतो, म्हणजे त्याच्यावर स्टेशन लागतं. जाता जाता दूध पिक अप केलं, म्हणजे वाटेत घेतलं, त्यासाठी मुद्दाम बाजार केला नाही. स्टेशनवरून पाहुण्याला पिक अप केलं, हे तर आपल्या मराठीत घुसलंच आहे. अमेरिकन बाई मुलाला खोली पिक अप कर म्हणते, म्हणजे पसारा आवर. पडलेला माणूस ‘पिक्स हिमसेल्फ अप’, म्हणजे सावरून उठतो. अनोळखी बाईमाणसाला पिक अप करणं याचा एक वेगळा अर्थ आहे, तो बरा नाही. त्यामुळे पाहुणी बाई येणार असेल तर मेलमध्ये ‘आवर ड्रायव्हर विल पिक यू अप फ्रॉम द स्टेशन’ असं ड्रायव्हर आणि जागा दोन्ही घालून पूर्ण लिहावं. मी नेहमी तसंच लिहायची.

आणखी एक, शब्दांची जागा. ‘पिक अप द कार्टन्स’ चालतं, ‘पिक द कार्टन्स अप’ पण चालतं. पण इट, देम, हिम असला छोटा शब्द आला की तो मधेच बसतो. पिक देम अप. ‘पिक अप देम’ लिहिलंस की वाचणाऱ्याला कळतं की या माणसाचा हात अजून बसलेला नाही.

लोक म्हणतात, इंग्रजांनी एवढ्याशा ‘अप’साठी किती छळ मांडलाय. आपणही कमी नाही. ‘केलं’, ‘करून टाकलं’, ‘करून ठेवलं’, ‘करून बसला’, परक्या माणसाला समजावून दाखव. ‘करून बसला’ यात बसण्याचा काय संबंध? पण दाजी पेठेतल्या चार वर्षांच्या पोरीलाही कळतं की काहीतरी बिघडलंय. शेजारच्या तेलुगू पोरी अशाच मराठी शिकल्या, बसून नाही, खेळता खेळता. तूही शिकशील. रोज एक मेल वाच आणि प्रत्येक वेळी ते वाक्य मराठीत मोठ्यानं म्हणून बघ. मराठी वाक्य खुळ्यासारखं वाटलं तर अर्थ चुकलाय.

आणि गिऱ्हाइकाला आजच लिही. पांघरूण घालू नकोस. ‘आय मिसअंडरस्टूड युअर मेसेज’ एवढं सरळ लिही, आणि लगेच खाली कुठल्या लॉटच्या किती पेट्या बाजूला काढल्या ते लिही.

प्रोसेसिंग, रात्रपाळी

काकूंनी सगळं सांगितलं, पण लॅबचा कागद राहिला, तो माझ्या टेबलावरूनच जातो.

तिथला पिकअप हा नाम आहे, क्रियापद नाही. बोलताना जोर ‘पिक’वर येतो. क्रियापद असेल तर ‘अप’वर. ओला कपडा मँगलच्या दोन रोलमधून दाबून निघतो तेव्हा त्यात किती द्रावण राहिलं, ते टक्क्यात. कोरडा १०० किलो माल मँगलमधून निघाल्यावर १७२ किलो भरला तर पिकअप ७२ टक्के. रोलचा दाब वाढवला की पिकअप कमी होतो. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे दाब सारखा नसेल तर सॉफ्टनर कमी-जास्त बसतो आणि एकाच टॉवेलच्या दोन टोकांना हात, म्हणजे स्पर्श, वेगळा लागतो. सॉफ्टनर जास्त झाला, त्यातही सिलिकॉनचा, की टॉवेल हाताला मऊ लागतो पण पाणी टिपत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकानं ‘वॉटर पिकअप इज पुअर’ लिहिलं तर ते टिपण्याबद्दल बोलतायत. ‘द टॉवेल्स पिक अप लिंट’ लिहिलं तर दुसऱ्या कपड्याची सुटी तुसं आपल्या टॉवेलला चिकटतात. गडद रंगावर, नेव्हीवर, ती लगेच दिसतात.

लूमशेडमधला ‘पिक’ वेगळाच, त्याला ‘अप’ लागत नाही. धोटा एकदा इकडून तिकडे गेला की एक आडवा धागा पडला, तो एक पिक. आता रेपिअर मागावर धोटा नाही, शब्द तोच राहिला. इंचात किती पिक ते भिंगाच्या काचेखाली मोजतो. साध्या टेरीत, म्हणजे लूपवाल्या टॉवेलच्या कापडात, बहुतेक तीन पिकांचा हिशेब असतो. पहिले दोन धागे थोडे लांब सोडतात आणि तिसऱ्याला तिन्ही एकदम ठोकतात, तेव्हा पाइलचे धागे वर येऊन त्यांचे लूप होतात. तुझ्या जागी मी असतो तर एक दिवस मागाजवळ उभा राहून हे बघितलं असतं. ‘पिक्स आर लो’ असा मेल आला तर उत्तर डिस्पॅचमधून नाही, लूमशेडमधून द्यायचं असतं, हे मग आपोआप कळतं. त्या ठोकण्याला बीट अप म्हणतात. लूमशेडच्या बाहेर हाच शब्द मारहाणीला वापरतात, तेवढं लक्षात असू दे.

तुझ्या नेव्हीबद्दल. लॉटनिहाय पेट्या वेगळ्या कर आणि प्रत्येक लॉटचा हातभर तुकडा कापून एकाच उजेडाखाली शेजारी शेजारी ठेव. गोडाऊनच्या ट्यूबलाइटखाली बघू नकोस, नेव्ही तिथे सगळा एकच दिसतो. लाइट बॉक्स, म्हणजे रंग तपासायची दिव्याची पेटी, नसेल तर सकाळी साडेनऊ-दहाला सावलीत बघ, उन्हात नको. आपल्याकडच्या उन्हात डोळे दिपतात आणि फरक हरवतो.

डिस्पॅचवाला, अक्कलकोट रोड

काकू, दादा, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्रीच मेल लिहिला. चूक कबूल केली. आज सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तुकडे कापून गेटजवळच्या लिंबाच्या सावलीत मांडले. पाच लॉट होते. चार एकसारखे, पाचवा किंचित लालसर. ट्यूबलाइटखाली मी हा फरक कधीच बघितला नसता. पाचव्या लॉटच्या १४ पेट्या बाजूला काढल्या, फोटो आणि पेटी नंबर पाठवले. मालक स्वतः येऊन तुकडे बघून गेले.

दुपारी उत्तर आलं. बाकीचा माल पाठवा म्हणतायत, चौदा पेट्यांचं नंतर ठरवू. त्यात एक वाक्य आहे, ‘थँक यू फॉर पिकिंग अप ऑन अवर कन्सर्न.’ हे ‘ऑन’ कशाला? आणि याचा राग तर नाही ना?

दाजी पेठेतली काकू

राग नाही. पिक अप ऑन म्हणजे समोरच्यानं उघड न बोललेलं किंवा हळूच सुचवलेलं ओळखून त्यावर काही करणं. आमची चिंता तुमच्यापर्यंत पोहोचली, असं ते म्हणतायत. ‘ऑन’ आलं की मधे काही घुसवायचं नाही, इट असलं तरी शेवटी. पिक अप ऑन इट.

पण ऑनच्या आधी माणूस आला की अर्थ बदलतो. ‘आय मस्ट पिक यू अप ऑन दॅट’ असं इंग्लंडचा माणूस म्हणाला तर तो तुझी चूक दाखवतोय, तिथे सांभाळून उत्तर द्यायचं. यावेळी मधे ‘यू’ नाही, बघ परत एकदा.

उत्तरात फार लांबण लावू नकोस. गाडी कधी भरताय ते आणि चौदा पेट्यांवर ‘होल्ड’ची चिठ्ठी लावली ते लिही. चिठ्ठी खरंच लाव, आणि दोन बाजूंना लाव. गोडाऊनमध्ये पेट्या फिरवल्या की एक बाजू भिंतीकडे जाते.